मिटलेली शिंपली

आमच्या आत्याला मूलबाळ नव्हतं, आणि तरी गावातला एकही पाळणा तिच्यावाचून हलत नव्हता. परगावच्या माणसाला हे सांगितलं की खरं वाटत नाही. वांझ बाईला बारशाच्या घरात कोण बसवून घेतं? माझ्या सासरी, धामणगाव बढेला, असल्या बाईची सावलीसुद्धा बाळंतिणीच्या बाजेवर पडू देत नसत. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी पंगतीतच फटकन बोलून गेले, आणि सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला. माझी जीभ तेव्हाही माझ्या ताब्यात नव्हती.

आत्याचा मान होता तो शिंपलीमुळे. आमचं गाव मेहकर तालुक्यातलं, पैनगंगेच्या काठचं, आणि आमचा मळा नदीला लागून. मळ्याच्या खाली नदी वळते तिथं डोह होता. उन्हाळ्यात बाकीच्या नदीची नुसती वाळू उरायची, पण डोहात कमरेएवढं पाणी असायचं आणि त्याखालच्या गाळात शिंपल्या उभ्या असायच्या. तळहाताएवढ्या, काळपट हिरव्या, अर्ध्या गाळात रुतलेल्या. चैत्र लागला की आत्या लुगड्याचा काचा मारून डोहात उतरायची आणि पायानं चाचपत रिकाम्या शिंपल्या वेचून आणायची. दगडावर घासून कड गुळगुळीत करायची, कडुनिंबाच्या पाल्यात उकळायची आणि पांढऱ्या फडक्यात बांधून गाडग्यात ठेवायची. गावात मूल झालं की बाराव्या दिवशी एक शिंपली घेऊन ती त्या घरी जायची. त्या शिंपलीनं बाळाला गुटी चाटवायची, दोन थेंब दूध पाजायचं, आणि मगच पाळण्यात घालायचं; शिंपली त्याच घरी ठेवून यायची. पाटलाचं घर असो की मजुराचं, यात बदल नव्हता.

हा मान आमच्या घराण्याचा. आजी होती तोवर तिचा होता. आत्याच्या नवऱ्यानं दुसरी केली, आत्या माहेरी परत आली, आणि त्याच साली आजी गेली. गावानं नाक मुरडलंच असणार. पण डोहाच्या काठी साती आसरांचं, पाण्यातल्या देवतांचं, ठाणं होतं, शेंदूर फासलेले सात दगड, आणि लेकुरवाळ्या बायका आसरांना भीत. आपल्या लेकराचं काही झालं तर? आत्याला ते भय नव्हतं. म्हणून ती डोहात उतरली आणि म्हणूनच गावानं तिला पाळण्यापर्यंत येऊ दिलं. लोकांना आपली सोय बरोबर कळते.

तिचा एकच नियम होता, आणि तो तिनं आम्हा पोरींना पाठ करून दिला होता. जी शिंपली आपोआप उघडली, रिकामी झाली, तीच उचलायची. मिटलेलीला हात लावायचा नाही.

"मिटलेलीच्या घरात कोणी असते वं," ती म्हणायची. "कोणाच्या घरचं दार आपण वढतो काय?"

मिटलेली उचलली तर पाळणा रिकामा होतो, हे पुढचं शेपूट गावानं लावलं. आत्यानं ते कधी म्हटलं नव्हतं. पण तिनं ते खोडूनही काढलं नव्हतं.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या हिशेबी सरकार अजून नागपूरलाच राहत होतं, पण मुंबईच्या सरकारचा एक ओव्हरसियर जीपमधून आला आणि डोह बघून गेला. खाली बंधारा व्हायचा होता. डोहातला गाळ यंत्रानं उपसून तो खोल करायचा, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी वरपर्यंत तुंबेल आणि काठच्या मळ्यांना बारा महिने पुरेल. त्या दिवशी माझे वडील पोटभर जेवले आणि वर एक भाकरी मागून घेतली. आमची वांगी, मिरच्या जानेफळच्या बाजाराला जात, आणि वैशाख आला की विहीर तळ दाखवायची. डोक्यावरून घागरी वाहून वांगी जगवणाऱ्या माणसाचा आनंद मला कळत होता. तरी मी विचारलंच, "आन् शिंपल्यांचं काय?"

"पाणी वाढलं त शिंपल्या बी वाढतीन," बाबा म्हणाले.

आत्या चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही. "दादा, थ्या गाळातच राह्यतात," ती म्हणाली. "गाळच नेला त कुठी राह्यतीन?"

बाबांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. उत्तर द्यायचं नसलं की ते पाणी पीत.

दुसऱ्या दिवशी आत्यानं मला गाडगं दाखवलं. आदल्या दोन सालांत गावात मुलं बरीच झाली होती. फडक्याच्या तळाशी थोड्या शिंपल्या उरल्या होत्या. तिनं त्या हातानं हलवल्या आणि गाडग्याचं तोंड परत बांधलं.

"ह्या सरल्यावर मले कोण बलावन वं?" ती म्हणाली.

तिचा आवाज रोजचाच होता. मला मात्र धामणगावची ती पंगत आठवली. बारशाच्या दिवशी आमच्या आत्याला कोणीतरी ओसरीवरूनच परत पाठवील, आणि ती बिचारी वळून निघूनही जाईल. हे मला सहनच होईना.

मी ओव्हरसियरला गाठलं. तो पुण्याकडचा, तरणा, उन्हानं करपलेला माणूस होता. मला वाटलं होतं हसेल, पण त्यानं नीट ऐकून घेतलं. "वरच्या डोहाला आम्ही हात लावणार नाही," तो म्हणाला. "अर्ध्या कोसावर आहे ना तो? तिथं नेऊन सोडा. यंत्र आलं की मला थांबता येणार नाही, ते आधीच सांगतो."

उपाय इतका सोपा होता. उचलायच्या आणि न्यायच्या. पण रिकाम्या शिंपल्या नेऊन काय उपयोग? न्यायच्या त्या जिवंत, म्हणजे मिटलेल्या.

आत्या गावातल्या बायकांकडं हातभार मागायला गेली. पाटलीणबाईंच्या ओसरीवर चारचौघी निवडणं-टिपणं करत बसल्या होत्या. पाटलीणबाईंनी सूप खाली ठेवलं. "बाई, तूच सांगे ना आम्हाले, मिटलेलीले हात लावू नोका म्हणून? आन् आता तूच म्हणतं लावा? आमच्या घरी लेकरं हायेत."

तुला नाहीत, हे त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

आत्या एकटी डोहावर गेली. मी मागून गेले. ती गुडघाभर पाण्यात उतरली, वाकली, हात पाण्यात घातला आणि तसाच बाहेर काढला. परत घातला, परत काढला. मग काठावर येऊन आसरांपुढं बसून राहिली. तिनंच बांधलेलं दावं तिलाच सुटेना. मला तिची कीव आली आणि रागही आला. असे बरेच दिवस गेले. रोज ती डोहावर जायची आणि ओले पाय घेऊन परत यायची.

यंत्र ठरल्यापेक्षा आधी आलं. बाजाराचा दिवस होता, बाबा पहाटेच बैलगाडी भरून जानेफळला गेले होते. मी अंगणात बसले होते, इतक्यात नदीकडून घरघर ऐकू आली आणि पोरं ओरडत पळाली. लांब लोखंडी सोंड, तिच्या टोकाला दोरावर लटकणारा दातेरी डोल. गावानं तासाभरात त्याचं नाव सोंड्या ठेवलं. आम्ही पोचलो तेव्हा त्यानं डोहाच्या वरच्या अंगाला पहिला डोल टाकला होता. डोल वर आला तसा काळा गाळ धो धो गळत होता. काठावर ओतला तेव्हा त्या गाळात काही शिंपल्या होत्या, काही फुटलेल्या, आणि आतलं पांढरं मांस उन्हात लकलकत होतं.

आत्या माझ्या दंडाला धरून उभी होती आणि तिची बोटं रुतत होती.

ओव्हरसियर धावत आला. "मी वरून खाली येतो," तो म्हणाला. "खालच्या अंगाला यायला संध्याकाळ होईल. तुम्हाला काढायचं ते काढून घ्या. चला, वेळ नाही."

काठावर अर्धं गाव जमलं होतं. कोणी हललं नाही. आत्या पाण्याच्या कडेला उभी होती. सोंड्यानं दुसरा डोल टाकला आणि डोहाचं पाणी गढूळ होऊन आमच्याकडं सरकायला लागलं.

मला आठवा महिना होता. मी चपला काढल्या आणि पाण्यात उतरले.

आत्ता सांगताना मला शूर बिर वाटत नाही. मी भ्यालेलीच होते. मागं पाटलीणबाईंचा आवाज आला, "अवं, तिले धरा कोणी, पोटुशी हाये थे." मी पायानं चाचपलं. गाळात कडक काहीतरी लागलं. एक हात पोटाखाली धरून मी वाकले आणि ती ओढून काढली. मोठी, जड, घट्ट मिटलेली. त्याच वेळी पोटातलं बाळ फिरलं.

"लावला हात," मी काठाकडं बघून म्हटलं. "काय व्हाचं थे मले होईन. तुम्ही बसा तिथंच पाय धूत."

आत्या धावतच पाण्यात आली. तिनं माझ्या हातातली शिंपली घेतली, मला काठाकडं ढकललं. "तू भाईर निघ," ती म्हणाली. "बाकीच्या माह्या." आणि ती वाकली ती वाकलीच.

मग एक मजुराची बायको उतरली. तिच्यामागं तिची जाऊ. मग सुताराच्या घरच्या. पाटलीणबाई उतरल्या नाहीत, पण त्यांनी घरून घागरी आणि घंगाळी पाठवली. पाणी इतकं गढूळ झालं होतं की हातही दिसत नव्हता, सगळं पायानं शोधायचं. सोंड्याचा डोल आपटला की लाट यायची आणि बायका एकमेकींना धरत. काढलेल्या शिंपल्या मोठ्या असतील तर पाण्यानं भरलेल्या घागरीत, घंगाळात. भांडी संपली तेव्हा लहानसहान शिंपल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून करंजाच्या सावलीत ठेवल्या. थोरल्यांना पाणी, धाकट्यांना पोतं. पंगतीतही आमच्यात असंच चालतं.

दुपार टळली. डोहाचा खालचा कोपरा हाताला लागेल तेवढा रिकामा झाला होता आणि सोंड्या जवळ येत होता. आता गाडी हवी होती, आणि गाडी बाजारात. एवढ्या घागरी डोक्यावरून अर्धा कोस त्या उन्हात नेणं कोणाच्यानं झालं नसतं. आम्ही वाटेकडं बघत बसलो. वारा पडला होता. आत्या एका भांड्यापासून दुसऱ्याकडं जायची, आत डोकवायची. साऱ्या घट्ट मिटून बसल्या होत्या.

"सकाळपासून उपाशी हायेत," ती म्हणाली.

"सासरी चालल्या बिचाऱ्या," सुतारीण म्हणाली. "लेकीले कोणी उपाशी धाडते काय?"

आत्या उठली आणि मळ्यात गेली. म्हशीचं सकाळचं दूध चरवीत होतं ते घेऊन आली, आणि प्रत्येक घागरीत, प्रत्येक घंगाळात तिनं थोडं थोडं ओतलं. बायकांनी हात जोडले. कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. ज्या शिंपलीनं साऱ्या गावाला दूध पाजलं तिला एकदा आपण पाजावं, यात चुकीचं काय असणार? गोणपाटात दूध ओतता येत नाही, म्हणून तिथं तिनं नुसतं पाणी शिंपडलं.

ऊन कलायला लागलं. मी करंजाखाली आडवी झाले होते. पाठ दुखत होती आणि दर कळेला मला वाटत होतं, हेच ते, मिटलेलीला हात लावल्याचं. इतक्यात आत्याची हाक आली. तिचा आवाज आनंदानं कापत होता.

"उघडल्या वं. ये, पाह्य. दूध पेऊन राह्यल्या."

आम्ही साऱ्या घंगाळाभोवती वाकलो. खरंच उघडल्या होत्या. पांढरट पाण्यात एकेक शिंपली सावकाश आ करून पडली होती. सुतारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्यानं बोट पुढं केलं आणि एकीच्या कडेला हळूच लावलं. जिवंत शिंपली बोट लागताच मिटते. ही मिटली नाही. तिनं दुसरीला लावलं, तिसरीला लावलं. मग तिनं पुढच्या घागरीत हात घातला. पाण्याला आंबूस वास सुटला होता.

सोंड्याची घरघर तेवढी चालू होती.

बाबांची गाडी आली तेव्हा आत्या घागरीपाशी बसली होती, हात कोपरापर्यंत दुधाळ झालेले. बाबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा गाळाच्या ढिगाकडं पाहिलं, आणि न विचारता गोणपाटं गाडीत चढवायला घेतली. वरच्या डोहावर आत्यानं त्या धाकट्या शिंपल्या एकेक करून गाळात उभ्या केल्या. मी काठावरून बघत होते. शेवटची लावून झाल्यावर ती पाण्यातच उभी राहून म्हणाली, "देवानं मले लेकरू दिलं नाही थे बरोबरच केलं. म्या दूध पाजून मारलं असतं."

मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि रडावंसंही वाटलं. दोन्ही जमलं नाही.

ज्येष्ठात मला मुलगी झाली. धडधाकट, लालबुंद, घर डोक्यावर घेणारी. आत्या तिला बघायला आली नाही. ती मळ्यातच राहायची, खोपीत जेवायची, गाडगंही तिनं तिथंच नेलं होतं. गावात कुजबुज होतीच. बारशाला घर बायकांनी भरलं, पाळणा सजला, आणि शिंपली नव्हती. पाटलीणबाईंनी आपल्या घरचा चांदीचा चमचा आणला होता. "ह्यानं चाटव," त्या म्हणाल्या. "चांदी कधी बाधत नाही."

"आत्या आल्याबिगर पोरगी पाळण्यात जात नाही," मी म्हटलं.

आई माझ्या विनवण्या करायला लागली. पाटलीणबाई म्हणाल्या, "तिनंच नियम मोडला. तिच्या हातून नोको."

"पहिला हात माहा होता," मी म्हटलं. "मंग माह्या हातून बी नोको. घ्या, पाजा तुम्हीच."

पोर भुकेनं किंचाळत होती. मी पदराखाली घेतली नाही. माझ्या अंगावर दूध फुटून चोळी ओली झाली, तरी नाही. बायका एकमेकींकडं बघत होत्या. मग ओसरीवर बसलेले बाबा उठले, पायताण घातलं आणि मळ्याकडं निघाले. ते परत येईपर्यंत ती पोर रडत होती आणि मी दाताखाली ओठ धरून बसले होते.

बाबा आले. मागं आत्या. उंबऱ्याबाहेरच थांबली. तिच्या हातात पांढरं फडकं होतं.

"ह्या आपोआप नाही उघडल्या," ती म्हणाली. "ह्या माह्यामुळं उघडल्या."

"थ्यातली म्या पहिल्यांदा काढली थे कोणती?" मी विचारलं.

तिनं फडकं उघडलं. तिनं त्या टाकल्या नव्हत्या, साऱ्या घासून, उकळून ठेवल्या होत्या. सगळ्यात मोठी तिनं वर काढली. तिला ती ओळखू येत होती, मला नव्हती.

"दे तिच्यानंच," मी म्हटलं.

आत्या आत आली. गुटी आधी पोरीच्या हनुवटीवर सांडली. पोरीनं चाटली, तोंड वाकडं केलं, आणि परत जीभ बाहेर काढली. आत्यानं दूध दिलं. तेही गेलं. मग कोणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली. पाटलीणबाई म्हणत नव्हत्या, पण पाळण्याची दोरी मात्र त्यांनीच धरली.

पुढच्या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी पोरीला घेऊन माहेरी आले. बंधारा झाला होता. आमच्या डोहात आता पुरुषभर पाणी होतं, विहीर भरलेली होती, वांगी लदलदली होती, आणि बाबा अंगानं भरले होते. डोहात शिंपली एकही नव्हती. गाडगं परत रिकामं होत आलं होतं. आणि वर्षभरात आत्या एकदाही वरच्या डोहावर गेली नव्हती. तिथं काय दिसेल याची तिला भीती वाटत होती. त्या धाकट्या शिंपल्या मेल्या असतील तर उघड्या पडलेल्या असतील, म्हणजे गाडग्यासाठी पाहिजे तितक्या वेचता येतील.

मी तिला ओढतच नेलं. वाटेत पाटलीणबाई भेटल्या. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते. कुठं चाललात विचारलं आणि आमच्या मागून यायला लागल्या.

पाणी स्वच्छ होतं, कमरेच्या खाली. आत्यानं काचा मारला. उतरताना तिनं माझ्याकडं वळून पाहिलं, जणू मी परत बोलवीन. मी बोलावलं नाही. ती पाय ओढत मधोमध गेली, थांबली. मग बाजूला सरकली, परत थांबली. कितीतरी वेळ ती अशी एकेक पाऊल टाकत फिरत होती आणि आम्ही दोघी काठावर बसलो होतो. पोर माझ्या मांडीवर माती खात होती, मला ते दिसूनही तिचा हात धरवत नव्हता.

शेवटी आत्या परत आली. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

"काऊन बाई," पाटलीणबाईंनी विचारलं, "नाही सापडली?"

आत्या काठावर बसली. तिचा चेहरा रडून ओला झाला होता आणि ती हसत होती.

"सापडल्या," ती म्हणाली. "मिटलेल्या हायेत."